भाऊजींची उडती छाती

माझ्या धाकट्या दिराची छाती उडायला लागली ती लढाईच्या वर्षांत. लढाई तिकडे समुद्रापार चालली होती. तिचा आणि भाऊजींच्या छातीचा संबंध एवढाच, की लढाईमुळे रेल्वेला तारेची माणसं हवी होती, आणि आमचे भाऊजी एकोणीस वर्षांचे होऊन, उर्दूत मिडल आणि इंग्रजीत मोडकंतोडकं शिकून, पिंगळीला घरी बसले होते.

घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही जंगम. सासरे गावातल्या आणि आसपासच्या शिवभक्त घरांत पूजा, लग्नं, बारशी, मर्तिकं सगळं करायचे. मोठा मुलगा म्हणजे माझा नवरा परभणीला सरकारी शाळेत मास्तर. निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे हे गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचे आणि शनिवारी सकाळी जायचे. मी सांगणार आहे त्यातलं बहुतेक सगळं सोमवारी घडलं, म्हणून यांचा मला काही उपयोग झाला नाही. बाकी घरात सासूबाई, मी आणि भाऊजी.

स्टेशनवर एक मद्रासी तारबाबू होते. त्यांनी भाऊजींना उमेदवार म्हणून हाताखाली घेतलं. तारेचं यंत्र म्हणजे एक पितळी दांडी. ती दाबली की कट् वाजायची, जरा दाबून धरली की कड् वाजायची, आणि या दोन आवाजांत सगळी इंग्रजी अक्षरं बसवलेली. समोरून आलेले आवाज कानानं ऐकून कागदावर उतरवायचे, आणि आपले आवाज समोर पाठवायचे. ऐकायला सोपं वाटतं. मला भाऊजींनी एकदा माझं नाव वाजवून दाखवलं, तर मला वाटलं घरात उंदीर शिरला.

सराव मात्र त्यांनी जीव तोडून केला. ताटावर चमच्यानं, उंबऱ्यावर बोटांनी, गाईच्या गोठ्यातल्या खुंट्यावर दगडानं. सासूबाईंनी ताटावरची टकटक लगेच बंद केली, कारण त्यानं घरातली लक्ष्मी जाते. मग भाऊजी पाण्याच्या घागरीवर वाजवू लागले. त्यानं काय जातं हे सासूबाईंना आठवेना, म्हणून ती चालू राहिली.

काही महिन्यांनी सिकंदराबादला परीक्षा होती. एक साहेब समोर बसून यंत्र वाजवणार, आणि उमेदवारानं ते उतरवून घ्यायचं. दोनदा नापास झाला तर घरी. आणि त्या परीक्षेला आणखी एक गाठ मारलेली होती. पोखर्णीच्या एका जंगमाची मुलगी भाऊजींना ठरली होती. मुलीच्या वडिलांनी सुपारी फोडतानाच सांगितलं होतं की नोकरी पक्की झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. भाऊजींनी ती मुलगी एकदाच पाहिली होती, नरसिंहाच्या जत्रेत, रेवड्यांच्या दुकानासमोर. तिनं घेतलेल्या रेवड्या तिच्या हातून सांडल्या आणि ती स्वतःलाच हसली. एवढ्या भांडवलावर भाऊजी वेडे झाले होते.

आता डबीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं. ते चांदीच्या लहानशा डबीत ठेवून, दोऱ्यात बांधून, छातीवर घालतात. सकाळी अंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती, बेल, पूजा करायची आणि परत डबीत ठेवायचं. मरेपर्यंत ते अंगापासून दूर करायचं नाही. पुरुष उघड्या अंगानं पूजेला बसतात. भाऊजी अंगानं इतके किरकोळ की बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि त्यांची डबी नेमकी काळजावर टेकायची.

तर एका सकाळी सासरे आणि भाऊजी शेजारीशेजारी पाटांवर बसले होते. मी बेल निवडून तबकात ठेवत होते. बघते तर भाऊजींच्या छातीवरची डबी उडत होती. वाऱ्यानं नव्हे, वारा नव्हताच. आतून कुणी टिचकी मारावी तशी टुक टुक टुक उडत होती. सासऱ्यांचंही लक्ष गेलं. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि पूजा पुरी केली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना माजघरात बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. सासूबाईंना हळू आवाजात सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत वेशीपलीकडे गेलेली असायची.

सासऱ्यांना काय वाटलं हे समजायला मठाचं माहीत हवं. सोनपेठकडे, गोदावरीच्या अंगाला, एका खेड्यात आमच्या लोकांचा एक मठ होता. तिथले स्वामी म्हातारे झाले होते आणि त्यांना गादीसाठी जंगमाच्या घरचा, बिनलग्नाचा मुलगा हवा होता. उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला होता. सासऱ्यांना ना हो म्हणवलं, ना नाही. लिंगाची इच्छा असेल तसं होईल, असं सांगून त्यांनी माणूस परत पाठवला. आता साक्षात लिंगच पोराच्या छातीवर उड्या मारायला लागलं म्हटल्यावर त्यांना उत्तर मिळालं. लिंग जागं झालं, मठाचं बोलावणं आलं, असा त्यांनी अर्थ लावला. जंगमाच्या घरीच हा अर्थ निघू शकतो. कुणब्याच्या घरी पोराला गरम दूध देऊन झोपवलं असतं.

पहिल्या सोमवारी शेजारच्या शिवभक्त घरांतल्या बायका डबीचं दर्शन घ्यायला आल्या. दुसऱ्या सोमवारी खालच्या आळीतल्या आल्या, आणि स्टेशनात गाडीची वाट बघत थांबलेल्या दोन अनोळखी बायका पण आल्या. भाऊजी पाटावर, अंगात शर्ट नाही, समोर पंधरावीस बायका डोळे लावून बसलेल्या. कोणाची छाती उडणार नाही? बायका बघायला आल्या की डबी जास्त उडायची, आणि डबी जास्त उडते म्हणून बायका जास्त यायच्या. माझं काम वाढलं. सगळ्यांना पाणी द्यायचं, सुपारी द्यायची, आणि वर दर एकीकडून ऐकून घ्यायचं की तू नशिबाची, असला दीर मिळाला.

एक दिवस मी गोठ्यात शेण गोळा करत होते. भाऊजी मागून आले आणि खुंट्याला टेकून उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"वैनी, मी मरायलोय," ते म्हणाले.

मी विचारलं, आज की उद्या, कारण भाकरी किती टाकायच्या ते ठरवायचं होतं. त्यांना हसू आलं नाही, तेव्हा मी शेणाचं टोपलं खाली ठेवलं.

मग त्यांनी सगळं ओकून टाकलं. छातीत धडधड होते. बसल्या बसल्या, निजल्या निजल्या. मधेच एक ठोका चुकतो आणि मग एक असा येतो की गळ्यापर्यंत उसळतो. डाव्या बाजूला कोणी अंगठा रुतवावा तसं दुखतं. हात गार पडतात. तारेवर बसलं की आतलं कट्-कड् आणि बाहेरचं कट्-कड् एकमेकांत मिसळतं आणि काय उतरवायचं तेच कळत नाही. हृदयाचा रोग झालाय याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

"मग अप्पांना सांगा की."

"कसं सांगू? रोग हाय म्हणलं तर पोखर्णीवाले पोरगी देणार न्हाईत, रेल्वेवाले नोकरी देणार न्हाईत. गप बसलं तर अप्पा मठात नेऊन बसवतेत. तुमीच सांगा कुठून निसटू."

आता यात मला दोन गोष्टी दिसल्या. माणूस आजारी असला तरी त्याचं डोकं साफ चालत होतं. आणि त्याला कोणा शहाण्याला दाखवायला हवं होतं. गावचे वैद्यबुवा चालणार नव्हते. ते प्रत्येक दुखण्याला वायू म्हणायचे, आणि तेही सासऱ्यांच्या ओसरीवर बसून म्हणायचे.

मी घरी सांगितलं की माझी दाढ दुखते. दाढ ही चांगली सोय आहे, आत कोणी बघत नाही. सकाळच्या गाडीनं मी भाऊजींना सोबत म्हणून घेतलं आणि परभणीला एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांकडे गेले. माझ्या नवऱ्याच्या शाळेतले सगळे मास्तर त्यांच्याकडेच जायचे.

हकीमसाहेबांनी भाऊजींची नाडी धरली आणि नुसते बसून राहिले. इतका वेळ बसले की मला वाटलं त्यांना डुलकी लागली. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाण्याची घागर उचलून आणली तर दुखतं का? गाडी पकडायला धावलं तर? चक्कर येऊन पडला का कधी? दुखणं हातात, जबड्यात उतरतं का? भाऊजी म्हणाले, नाही. धावताना काही होत नाही, उलट बरं वाटतं. बसलं की होतं.

हकीमसाहेबांनी नाडी सोडली नाही. यंदा तुमच्याकडे आंबे कसे झाले, म्हणून विचारलं. भाऊजी आंब्यांचं सांगू लागले. आमच्या परसातल्या शेपूच्या वासाच्या आंब्याचं, पाडाचं, रसाचं. ते सांगता सांगता त्यांचे खांदे खाली आले. मग हकीमसाहेबांनी त्याच सुरात विचारलं, "इम्तिहान कब है, मियां?"

भाऊजींचे खांदे पुन्हा वर गेले. हकीमसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दाढीतल्या दाढीत हसले. त्यांच्या बोटाखाली काय झालं असेल ते मला न बघताच कळलं.

त्यांनी याला नाव सांगितलं खफकान. हृदय ठणठणीत आहे म्हणाले. भीती बसली आहे, आणि भीती बसली की हृदय पळायला लागतं; मग त्या पळण्याचीच भीती बसते आणि ते आणखी पळतं. तरण्या पोरांमध्ये हे फार. इम्तिहान, नोकरी, निकाह, या तीन गोष्टी आल्या की त्यांच्याकडे दोनचार पोरं छाती धरून यायचीच. आता यालाच डॉक्टर लोक ताण म्हणतात आणि कागदावर छातीच्या रेघा काढतात. काढाव्यात, रेघा काढून मन निवत असेल तर वाईट नाही. पण हकीमसाहेबांनी आंब्यांवर काम भागवलं.

निघताना त्यांनी बजावलं की चढ चढताना दुखलं किंवा शुद्ध हरपली तर तडक यायचं, तेव्हा दाढेचं निमित्त करत बसायचं नाही. म्हणजे माझी दाढ दुखत नाही हेही त्यांनी ओळखलं होतं.

औषध होतं आवळ्याचा मुरब्बा, वर चांदीचा वर्ख लावून, रोज सकाळी एक. मग पथ्य. रात्री लवकर निजायचं, संध्याकाळी चालायचं, आणि चहा पीत असाल तर बंद. भाऊजी म्हणाले चहा पीत नाही. हकीमसाहेब नुसते बघत राहिले. तेव्हा हळूच कबुली आली की चहा नाही, कॉफी. तारबाबूंची बायको स्टेशनवर पितळेच्या पेल्यातून काळी कुट्ट मद्रासी कॉफी पाठवायची, आणि भाऊजी बाबूंबरोबर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ती ढोसत होते. जंगमाचा मुलगा बाहेर पाणी पिताना विचार करतो, आणि हे पेल्यावर पेले. परतीच्या गाडीत त्यांना हृदयाच्या रोगापेक्षा मी कॉफीचं घरी सांगते की काय याची जास्त धास्ती होती. मी म्हटलं, मुरब्बा अर्धा अर्धा केलात तर सांगणार नाही. मुरब्बा उत्तम होता. माझी छाती कधी उडाली नाही.

कॉफी बंद केल्यावर चार दिवस भाऊजींचं डोकं दुखलं, पण धडधड कमी झाली. निम्म्यावर आली म्हणा. घागरीवर त्यांची बोटं पुन्हा सरळ वाजायला लागली. पण सोमवारी बायका आल्या की डबी उडायचीच. आणि तेवढ्यात सासऱ्यांनी मठाला होकार कळवून टाकला. मठाचे कारभारी येत्या सोमवारी मुलगा बघायला येणार, असा उलट निरोप आला.

भाऊजींनी जेवण टाकलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तोंड उघडून अप्पांना सांगा की मला जायचं नाही. ते म्हणाले, लिंगानं हो म्हटल्यावर मी नाही म्हणणारा कोण? म्हणजे त्यांनाही मनातून थोडं खरं वाटायला लागलं होतं. पंधरा बायका दर सोमवारी तुमच्याकडे हात जोडून बघायला लागल्या की तुम्हालाही आपण कोणीतरी आहोत असं वाटतंच.

रविवारी मी ज्वारी दळायला बसले. कारभारी आणि त्यांची माणसं जेवणार म्हणून दळण भरपूर होतं. दोन पायल्या झाल्यावर दम घ्यायला मागे टेकले, तर छातीवर काहीतरी टुक टुक करत होतं. पदर बाजूला करून पाहिलं. माझी डबी उडत होती. भाऊजींची उडायची त्याच्या दुप्पट.

मी तशीच बसून बघत राहिले. श्वास खाली बसला तशी डबी शांत झाली. पुन्हा चार घास दळले, पुन्हा उडाली. म्हटलं, चला, मठाला एक बाई पण मिळाली.

सोमवारी सकाळी मी सासूबाईंना सांगितलं की पुरणपोळीची कणीक कमी पडतेय, गहू दळावे लागतील, आणि ज्याला मठाचं बोलावणं आलं त्याच्या आईनं स्वतः दळलेलंच मठाच्या माणसांना चालतं. ही रीत मी त्याच सकाळी काढली होती. सासूबाईंनी मी घरात आल्यापासून जात्याला हात लावला नव्हता, पण रीत म्हटल्यावर त्या पदर खोचून बसल्या. बघायला आलेल्या बायकांनाही वाटलं की आपला हात लागला तर पुण्य लागेल. दोघी दोघी पाळीनं बसल्या. मी शेजारी उभी राहून म्हणत होते, लवकर आटपा, कारभारी वेशीत आले, लवकर. जातं असं गरगरत होतं की खालची जमीन हादरत होती.

कारभारी खरोखरच आले. बैलगाडीनं दोन मुक्काम करून आलेले, जाडजूड, भुकेले गृहस्थ. ओसरीवर सासऱ्यांशेजारी बसले. समोर पाटावर भाऊजी, उघड्या अंगानं, डबी उडतेय. कारभाऱ्यांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. सासऱ्यांनी हात जोडले. मी आत गेले आणि बायकांना म्हटलं, चला चला, कारभारी जेवायला उठतील, त्याआधी आशीर्वाद घ्या. सगळ्या जात्यावरून उठल्या तशाच, धापा टाकत, कपाळावर घाम, ओसरीवर येऊन बसल्या. सासूबाई सगळ्यांच्या पुढे. त्यांचा दोरा लांब, डबी पदरावरच लोळायची.

ती डबी अशी काही नाचत होती की कारभाऱ्यांनी भाऊजींकडचे डोळे काढून तिकडे लावले.

मी म्हटलं, "आत्याबाई, मठाला तुमालाच धाडावं लागंल बघा. तुमचं लिंग तर भाऊजींच्यापेक्षा जोरात जागं झालंय."

सासूबाईंनी मान खाली घालून पाहिलं. बाकीच्या बायकांनी पदराखाली आपापल्या डब्या चाचपल्या. एक म्हणाली, अगं बाई, माझी पण. दुसरी म्हणाली, माझी तर थांबंना. आणि एक थोराड बाई, जी दर सोमवारी सगळ्यांत आधी येऊन बसायची, ती इतकी हसायला लागली की तिला धरून बसवावं लागलं. एवढ्या सगळ्यांना गादीवर बसवायचं म्हटलं तर मठाला माळवद वाढवावं लागेल, असं ती म्हणाली.

कारभारी हसले नाहीत. ते कामाचे माणूस होते. त्यांनी विचारलं की बायकांचं ठीक आहे, त्या दळून आल्यात. पोरानं काय दळलं?

बरोबर प्रश्न होता. सगळे भाऊजींकडे बघायला लागले. डबी आता दिसत सुद्धा नव्हती इतकी भरभर उडत होती. मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा गप्प बसणार आणि माझी सगळी कणीक वाया जाणार.

पण भाऊजी बोलले. जमिनीकडे बघत बोलले, पण बोलले. "मला भ्या वाटायलंय, अप्पा. तारेची परीक्षा हाय. आन मठात जायचं बी भ्या वाटायलंय. मला तारबाबू व्हायचंय. मला पोखर्णीची पोरगी करायची हाय. लिंगानं काय सांगितलं का न्हाई ते मला ठाव न्हाई. मला तर नुसती छाती उडलेली कळती."

जन्मात वडिलांसमोर ते एवढं एका दमात बोलले नव्हते. ओसरीवर बायका सुद्धा गप्प झाल्या, जे मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात सासूबाईंची नजर सासऱ्यांवर गेली. त्यांचं उपरणं खांद्यावरून घसरलं होतं. सासूबाई थोड्या पुढं सरकल्या, डोळे बारीक करून पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुमी कुठं दळलं हो?"

सासऱ्यांनी झटकन उपरणं वर ओढलं. पण सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हाताऱ्याची डबी लेकाच्या डबीच्या तालावर उडत होती.

ते थोडा वेळ उपरण्याची किनार चाचपत राहिले. मग कारभाऱ्यांकडे वळून म्हणाले, "मठाचा निरोप आला तवापासून हे असं हाय. मला वाटलं, म्हातारपण."

"मंग?" कारभारी म्हणाले.

"मंग न्हाई द्यायचं. स्वामीजींच्या पायावर डोकं ठिवतो आन सांगतो."

कारभाऱ्यांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे, एकदा स्वयंपाकघराकडे. त्यांना राग आला असावा, आणि तो योग्यच होता. दोन मुक्काम गाडीत हाडं खिळखिळी करून आले होते. पण भूकही लागली होती. ते म्हणाले, बोलणं झालं असेल तर पुरणपोळी वाढा. त्यांनी सात पोळ्या खाल्ल्या. जाताना भाऊजींना त्यांनी आशीर्वादही दिला, आणि मला विचारलं की आईनं दळलेलंच चालतं ही रीत कोणत्या मठाची. मी सांगितलं, माहेरची.

पोखर्णीला बातमी उलटीसुलटी पोचली होती. तिकडे कळलं होतं की नवरा संन्यास घेतोय आणि सासू पण. मुलीचे वडील तणतणत आले, आणि त्यांना शांत करायला अर्धा दिवस गेला. त्यातला बराचसा वेळ सासूबाईंच्या संन्यासाचा खुलासा करण्यात गेला.

परीक्षेला भाऊजी गेले आणि नापास होऊन आले. मी हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना लोक एकदम पास करून टाकतात. साहेबानं यंत्र वाजवायला सुरुवात केली, यांची छाती उडाली, आणि छाती उडू नये म्हणून ते छातीकडेच लक्ष देत बसले. कागद निम्मा कोरा. परत आल्यावर बाबूंनी त्यांना बोल लावले नाहीत. फक्त दुसऱ्या वेळेपर्यंत एक सराव वाढवला. भाऊजींनी फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाऊन परत यायचं, आणि छाती धाडधाड उडत असतानाच यंत्रावर बसायचं. ही युक्ती कोणाची होती ते मी सांगत नाही. बाबूंना मराठी यायचं नाही आणि मला मद्रासी, पण जात्याची खूण करून दाखवायला भाषा लागत नाही. गावातल्या पोरांना वाटलं रेल्वेचा उमेदवार रोज गाडी चुकवतो.

दुसऱ्या परीक्षेहून ते आले तेव्हा काही सांगायला तयार नव्हते. छाती उडाली का, विचारलं तर म्हणाले, पूर्ण वेळ. मग उतरवलं का? उतरवलं.

निकाल तारेनंच यायचा. तो ज्या दुपारी आला त्या दुपारी बाबू जेवायला गेले होते आणि यंत्रावर भाऊजी एकटे होते. सिकंदराबादहून कट्-कड् सुरू झालं, यांनी सवयीनं लिहायला घेतलं, आणि चौथ्या-पाचव्या शब्दाला कळलं की हे आपल्याबद्दलच चाललंय. तरी लिहीत राहिले. कागद घेऊन घरी पळत आले. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, यात पास लिहिलंय. सासूबाईंनी साखर आणायला डबा उघडला. पण भाऊजींचा चेहरा अजून तसाच.

"वैनी," ते म्हणाले, "मी ऐकण्यात चुकलो असलो तर?"

सगळ्यांनी समजावलं. सासऱ्यांनी सुद्धा समजावलं. त्यांच्या डोक्यातून ते जाईना. ते साखर न खाता परत स्टेशनवर गेले आणि त्यांनी सिकंदराबादला उलट तार मारली, की निकालाचा संदेश पुन्हा पाठवावा, ऐकण्यात चूक झाली असण्याची शक्यता आहे.

तेवढ्यात बाबू जेवून आले. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. ज्याला पास झाल्याची तार नीट ऐकू आली नाही त्याला पास कसं केलं, असं आता तिकडचे विचारतील, म्हणून ते ओरडत होते. तोवर सिकंदराबादचं उत्तर यायला लागलं होतं. भाऊजी लिहीत होते, आणि बाबू मागून वाकून वाचत होते. कागद पुरा झाला तसा बाबूंनी तो ओढून घेतला आणि फाडून टाकला. तिकडच्या बाबूनं शिवी पाठवली होती. कोणती ते भाऊजींनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. पण बाबू पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायचे, की ती लांबलचक होती, साहेबी इंग्रजीत होती, आणि पोरानं ती एक अक्षर न चुकता उतरवून घेतली.